नगराध्यक्ष झालात, आता ठरावांचा पाठपुरावा करा

डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रात २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. बहुतेक गावांत त्याआधी काही वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते. आता लोकांनी थेट मतदान करून नगराध्यक्ष निवडले आहेत. त्यांतल्या अनेकांनी पूर्वी कधी पालिकेच्या सभागृहात पाऊलही टाकलेले नाही. कोणी दुकानदार आहे, कोणी शिक्षिका, कोणी डॉक्टर, कोणी आरक्षण निघाल्यामुळे घरातून बाहेर पडलेली गृहिणी. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि पुढच्या वेळी उभे राहायचे मनात असणाऱ्यांसाठीही.

नगराध्यक्षाची ताकद सभेत होणाऱ्या ठरावात असते आणि ठराव झाल्यानंतर त्याचा पिच्छा पुरवण्यात असते. हार, नारळ, फीत आणि कोनशिला यांत वेळ जातो, गाव मात्र बदलत नाही.

महाडचे उदाहरण प्रत्येक नगराध्यक्षाने मनाशी ठेवावे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. त्याला धरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. देशातल्या एका लहानशा पालिकेने एवढे धाडस कागदावर दाखवले, ही मोठीच गोष्ट होती. पण त्यानंतर तीन वर्षे कोणी दलित माणूस त्या तळ्यावर पाणी भरू शकला नाही. ठराव दप्तरात राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस या कामी बाबासाहेबांच्या बाजूने उभे होते. पुढे ऑगस्ट १९२७ मध्ये पालिकेने तोच ठराव मागे घेतला आणि लढाई कोर्टात गेली, ती १९३७ पर्यंत चालली. ठराव करणारी सभा, त्याची अंमलबजावणी न करणारी यंत्रणा आणि दबाव आल्यावर माघार घेणारी पालिका, या तिन्ही गोष्टी आजही तुमच्या इमारतीत भेटतील.

आता तुमच्या हातात नेमके काय आहे ते पाहू. आपल्याकडच्या पालिका महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ प्रमाणे चालतात. लोकसंख्या एक लाखावर असेल तर 'अ' वर्ग, चाळीस हजार ते एक लाख असेल तर 'ब' वर्ग, त्याखाली 'क' वर्ग. सभा बोलावणे, तिचे अध्यक्षस्थान घेणे, स्थायी समिती चालवणे आणि पालिकेच्या आर्थिक व प्रशासकीय कारभारावर लक्ष ठेवणे हे नगराध्यक्षाचे काम. कर्मचाऱ्यांना आदेश देणे, बिले काढणे, परवानग्या देणे हे मुख्याधिकाऱ्यांचे. मुख्याधिकारी शासनाचे अधिकारी असतात. दोन-तीन वर्षांनी त्यांची बदली होते. तुम्ही पाच वर्षे तिथेच असता.

नव्या नगराध्यक्षांची पहिली चूक इथेच होते. ते थेट मुकादमाला फोन करून कामे सांगायला लागतात. चार दिवस बरे वाटते. पण तोंडी सांगितलेल्या कामाची नोंद कुठेच नसते, आणि ते बिघडले की जबाबदारी कोणाचीच नसते. काम सांगायचे ते मुख्याधिकाऱ्यांना, आणि लेखी. दर आठवड्याला एक दिवस ठरवून त्यांच्यासह खातेप्रमुखांची बैठक घ्या. पाणीपुरवठा अभियंता, आरोग्य निरीक्षक, कर निरीक्षक, लेखापाल आणि नगररचना पाहणारा अभियंता एवढे लोक पुरेत. बैठकीत काय ठरले ते एका पानावर लिहून दोघांनी सही करा. मुख्याधिकाऱ्यांशी भांडून नावाजलेला नगराध्यक्ष माझ्या पाहण्यात नाही. त्यांच्याशी कागदावर बोलून काम काढून घेणारे पुष्कळ आहेत.

पहिल्या महिन्यात काही कागद मागवून घ्या. सर्वांत आधी प्रशासकीय काळात झालेले सगळे ठराव मागवा. त्या काळात सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार एकट्या प्रशासकाकडे होते. त्यांतले काही निर्णय चांगले असतील, काही घाईचे असतील, काही ठेके पाच-पाच वर्षांसाठी देऊन ठेवलेले असतील. कोणता ठेका कधी संपतो हे तुम्हाला माहीत नसेल, तर मुदतवाढीचा विषय तुमच्यासमोर ऐनवेळी येईल आणि नाही म्हणायला वेळ उरणार नाही. मग महावितरणची थकबाकी किती, ठेकेदारांची देणी किती, कर्मचाऱ्यांची भविष्य निर्वाह निधीची रक्कम भरली आहे का, हे विचारा. स्थानिक निधी लेखापरीक्षणाचे गेल्या काही वर्षांचे आक्षेप वाचा. पालिकेचा पैसा कुठे गळतो हे आमदार-खासदारांपेक्षा त्या अहवालातून जास्त कळते.

आणखी एक कागद बहुतेक जण मागवत नाहीत, तो म्हणजे विकास योजनेतल्या आरक्षणांची यादी. गावाच्या या योजनेत, म्हणजे डीपीमध्ये, बाग, शाळा, भाजी मंडई, दफनभूमी, क्रीडांगण अशी आरक्षणे असतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालक पालिकेला खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. लहान गावांत खेळाची मैदाने अशीच गेली आहेत. मालकाची नोटीस आवक विभागात पडून राहिली, चोवीस महिने उलटले आणि मैदानाचे प्लॉट पडले. कोणत्या आरक्षणावर नोटीस आली आहे, कधी आली आहे आणि मुदत कोणत्या तारखेला संपते, एवढे तीन रकाने असलेला तक्ता स्वतःच्या टेबलावर ठेवा. तुमच्या पाच वर्षांतले सर्वांत मोठे काम कदाचित हेच ठरेल.

आता सभेकडे वळू. कायद्याप्रमाणे दोन महिन्यांत किमान एक सर्वसाधारण सभा झालीच पाहिजे. तिची नोटीस सात पूर्ण दिवस आधी निघावी लागते, विशेष सभेची तीन दिवस आधी. विषयपत्रिका निघाली की ती नगरसेवकांच्या घरी पोचते, आणि लगेच कोणाचा विषय घेतला, कोणाचा राहिला यावर रुसवेफुगवे सुरू होतात. थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षासमोर विरोधी पक्षाचे बहुमत बसलेले अनेक गावांत दिसते. अशा सभागृहात आवाज चढवून काही हाती लागत नाही. विषयपत्रिका निघण्याआधीच प्रत्येक गटनेत्याला बोलावून विषय दाखवा. विरोधी वॉर्डातले एखादे खरेच निकडीचे काम स्वतःहून घ्या. सभेत 'सर्वानुमते मंजूर' हे शब्द जितक्या वेळा लिहिले जातील, तितकी तुमची पाच वर्षे सुखाची जातील.

एक दृश्य अनेक पालिकांत सारखेच दिसते. सभा दुपारी असते. पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. लिपिक उभा राहून वाचायला लागतो, 'मंजूर, मंजूर' असा कल्ला होतो आणि वाचन तिथेच थांबते. इतिवृत्त कायम होते. तीन महिन्यांनी कोणीतरी प्रत काढतो आणि ध्यानात येते की सभेत चर्चाच न झालेला एक विषय ठराव म्हणून नोंदला गेला आहे, खाली सूचक-अनुमोदकांची नावे आहेत आणि शेवटी नगराध्यक्षांची सही आहे. सभा संपताच प्रत्येक ठराव तिथल्या तिथे मोठ्याने वाचून घ्या. सूचक कोण, अनुमोदक कोण, उपसूचना काय आली, विरोध कोणी नोंदवला, हे सगळे तेव्हाच लिहून घ्या. इतिवृत्ताच्या प्रत्येक पानावर सही करण्याआधी ते पान वाचा. 'ऐनवेळचे विषय' हे सदर शक्य तितके मोकळे ठेवा. पैशाचा कोणताही विषय त्याखाली येऊ देऊ नका, मग तो आणणारा तुमच्याच पक्षाचा असला तरीही.

कलम ३०८ लक्षात ठेवा. बेकायदा किंवा लोकहिताला बाधक वाटणारा ठराव जिल्हाधिकारी या कलमाखाली तहकूब करू शकतात. विरोधक लगेच तिकडे धाव घेतात. म्हणून प्रत्येक ठरावाआधी मुख्याधिकाऱ्यांची टिप्पणी, त्यातली तरतूद, अंदाजपत्रकातले लेखाशीर्ष आणि शासन निर्णयाचा क्रमांक कागदावर असू द्या. असा ठराव जिल्हाधिकारी कार्यालयातही टिकतो.

नगराध्यक्षाचा दिवस पाण्याने सुरू होतो. पहाटे साडेपाचला फोन येतो, 'आमच्या गल्लीत पाणी आलं नाही.' तेव्हा चिडू नका. त्यापेक्षा महिन्यातून एकदा व्हॉल्वमनसोबत पहाटे फिरा. जलकुंभाखाली उभे राहून पाण्याची पातळी कशी उतरते ते पाहा. कुठला व्हॉल्व्ह किती फेरे उघडतात, शेवटच्या घरी पाणी किती मिनिटांनी पोचते आणि कोण मोटार लावून पाणी ओढते, हे तो माणूस एका फेरीत सांगेल. कुठल्या अहवालात ते मिळणार नाही. नळाच्या टोकाला जाऊन क्लोरीनची ओ. टी. टेस्ट स्वतः करून पाहा. नळीत थेंब टाकल्यावर पाण्याला पिवळी छटा आली तर क्लोरीन आहे. रंग आला नाही तर त्या गल्लीतल्या पोरांना जुलाब होणार, हे पक्के समजा. पावसाळ्यात गटारातून जाणारी गळकी जलवाहिनी शोधणे हे कुठल्याही उद्घाटनापेक्षा महत्त्वाचे काम आहे.

पाण्याचे मोठे काम छोट्या गावालाही जमते याचा दाखला कराडला खेटून असलेल्या मलकापूरने दिला. २००९ च्या सुमारास तिथे प्रत्येक नळाला मीटर लावून चोवीस तास पाणी सुरू झाले. वापर वाढेल तसा दर वाढेल अशी पट्टी ठेवली. चोवीस तास पाणी दिले की नासाडी होईल, अशी भीती सगळे घालतात. मलकापुरात उलटे झाले, कारण उद्या पाणी येईल याची खात्री झाल्यावर लोकांनी साठवणे आणि शिळे म्हणून ओतून देणे सोडले. मात्र मीटर लावायला लोक सहजासहजी तयार होत नाहीत. त्यासाठी गल्लोगल्ली बैठका घ्याव्या लागतात. ते काम नगराध्यक्षाचेच. मुख्याधिकारी ते करू शकत नाहीत.

पैशाबद्दल स्पष्ट बोलतो. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली, तेव्हापासून छोट्या पालिकांचा स्वतःच्या उत्पन्नावरचा ताबा सुटला. पगार शासनाच्या सहाय्यक अनुदानावर चालतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात दहा लाखांखालच्या शहरांना मिळालेल्या निधीपैकी ६० टक्के पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधलेला होता. नगरोत्थान, दलितवस्ती सुधार, वैशिष्ट्यपूर्ण कामे, अमृत २.० या योजनांचा पैसा मंत्रालय आणि जिल्हा नियोजन समितीच्या वाटेने येतो. म्हणून नगराध्यक्षाला मुंबईच्या खेपा घालाव्याच लागतात. जाताना मागणीपत्र नेऊ नका, तांत्रिक मान्यता मिळालेला प्रस्ताव न्या. अंदाजपत्रक तयार, जागा पालिकेच्या ताब्यात आणि सभेचा ठराव जोडलेला, असा प्रस्ताव हातात असेल तर वर्षाअखेरीस कुठल्याही योजनेत शिल्लक राहिलेला पैसा तुमच्या गावाकडे वळू शकतो. असे प्रस्ताव कपाटात तयार ठेवणाऱ्या पालिकांनाच मार्चमध्ये निधी मिळतो.

उरलेला मार्ग घरपट्टी आणि पाणीपट्टीचा. दर चार वर्षांनी फेरआकारणी करायची असते, आणि दर वेळी ती पुढे ढकलण्यासाठी नगराध्यक्षावर दबाव येतो. फेरआकारणी ढकलली की नवीन चार मजली इमारत जुन्या कौलारू घराएवढाच कर भरत राहते. गरिबाला सवलत द्यायचीच असेल तर ती नियमातून द्या. आकारणी थांबवून देऊ नका. स्वतःचा कर एप्रिलमध्ये भरा. नगरसेवकांच्या थकबाकीची यादी सभेत ठेवायला सांगा. पहिल्या वर्षी चार जण नाराज होतील, पण वसुली लिपिकाला दारोदार जाऊन मागायला तोंड मिळेल.

फेब्रुवारीतल्या अंदाजपत्रकाच्या विशेष सभेआधी लेखापालासोबत किमान दोन दिवस बसा. उत्पन्नाचे आकडे फुगवून खर्चाची कामे बसवणे हा सर्वत्र चालणारा प्रकार आहे. त्याला हो म्हणू नका. दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे पाच टक्के आणि महिला-बालकल्याणाचे पाच टक्के दरवर्षी मार्चअखेर घाईघाईने उडवले जातात. ते एप्रिलपासूनच खर्च करायला घ्या. आपल्या गावात दिव्यांग किती आहेत आणि त्यांना नेमके काय हवे आहे, याची यादी हाताशी असेल तर ते सोपे जाते.

कामांच्या दर्जासाठी एकच सवय लावून घ्या. काम चालू असताना दोनदा जा आणि मोजमाप पुस्तिका पाहायला मागा. रस्त्याची जाडी किती दाखवली आहे आणि प्रत्यक्षात किती आहे, हे कडेला खणून बघितले की दोन मिनिटांत कळते. नगराध्यक्ष पुस्तिका मागतो ही बातमी एका आठवड्यात सगळ्या ठेकेदारांपर्यंत पोचते.

कचऱ्याबाबत महाराष्ट्रातल्या छोट्या शहरांनी देशाला शिकवले आहे, याचा मला अभिमान वाटतो. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांमध्ये २०२० ला कराड पहिले आले, २०२१ ला विटा, २०२२ ला पाचगणी आणि २०२३ ला सासवड. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याने कचरा डेपोचे रूपांतर लोक बघायला येतील अशा जागेत केले आणि प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात वापरला. ही सगळी छोटी गावे आहेत, त्यांचे बजेटही तुमच्यासारखेच तोकडे. घरातच ओला आणि सुका वेगळा घेण्याचा आग्रह आणि घंटागाडीवर मिसळलेला कचरा परत करण्याची हिंमत, या दोन गोष्टी त्यांनी केल्या. कचरा परत केला की पहिल्या आठवड्यात तुमच्या दारासमोर पिशव्या पडतील. त्या आठवड्यात माघार घेतली तर पुन्हा पाच वर्षे तो विषय कोणी ऐकून घेणार नाही.

महिला नगराध्यक्षांसाठी स्वतंत्रपणे लिहितो. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत आणि अनेक ठिकाणी निवडून आलेल्या ताईंच्या दालनात त्यांचे यजमान किंवा मुलगा बसलेला दिसतो. ताई, पहिल्याच दिवशी दालनात दुसरी खुर्ची ठेवू देऊ नका. फाईल तुमच्यासमोर उघडली गेली पाहिजे, फोन तुमच्या हातात असला पाहिजे आणि सभेतली टिप्पणी तुम्ही वाचली पाहिजे. सुरुवातीला 'लेखाशीर्ष', 'तांत्रिक मान्यता', 'व्यपगत' असे शब्द अडतील. लेखापालाला सरळ विचारा, त्यात काहीच कमीपणा नाही. पाण्याची टंचाई, सार्वजनिक शौचालयाची दुरवस्था, अंगणवाडीची गळती हे तुम्ही रोज भोगता. त्यामुळे कुठला प्रश्न आधी घ्यायचा हे ठरवायला कोणाची मदत लागणार नाही.

घराकडेही लक्ष असू द्या. तुम्हाला मिळणाऱ्या मानधनात संसार चालत नाही. दुकान असेल तर ते बंद करू नका, दवाखाना असेल तर निदान संध्याकाळचे दोन तास उघडा ठेवा. उत्पन्नाचे साधन नसलेल्या नगराध्यक्षाला ठेकेदार पहिल्यांदा गाठतो, हे कटू असले तरी खरे आहे. लग्न, बारसे, दशक्रिया, सत्यनारायण, क्रिकेट स्पर्धांची बक्षिसे यांत रोजचे चार तास सहज जातात. दुःखाच्या प्रसंगी जरूर जा, ते लोक कधी विसरत नाहीत. बाकीच्या निमंत्रणांपैकी जमतील तेवढीच घ्या आणि आठवड्यातला एक दिवस घरच्यांसाठी राखून ठेवा. तो दिवस तुमचा आहे हे गावाला माहीत झाले की लोक त्या दिवशी फोन करायचे टाळतात.

स्वतःच्या घराची बांधकाम परवानगी आजच तपासा. अनधिकृत बांधकामामुळे कलम ४४ खाली पद गेल्याची प्रकरणे नवीन नाहीत, आणि त्यात पती किंवा पत्नीच्या नावचे बांधकामही धरले जाते. गॅलरी आत घेतली असेल, मागे पत्र्याची शेड टाकली असेल, तर ती नियमित करून घ्या किंवा काढून टाका. पालिकेच्या कुठल्याही ठेक्यात, गाळ्यात, पुरवठ्यात आपला किंवा जवळच्या नातेवाइकाचा संबंध येऊ देऊ नका. गैरवर्तन किंवा कर्तव्यात कसूर झाल्यास शासन कलम ५५-अ खाली नगराध्यक्षाला पदावरून काढू शकते.

कराडचे पी. डी. पाटील चार दशके त्या गावाचे नगराध्यक्ष राहिले. एवढा दीर्घ काळ आता कोणाला मिळणार नाही. नगराध्यक्षपदाचे आरक्षण दर निवडणुकीत फिरते. आज सर्वसाधारण असलेली जागा पुढच्या वेळी महिला, इतर मागास किंवा अनुसूचित जातीसाठी निघू शकते. पुढच्या निवडणुकीसाठी कामे राखून ठेवण्यात म्हणूनच काही अर्थ नाही. शेवटच्या वर्षातही फेरआकारणी करा, मीटर लावा, आरक्षणाची जमीन ताब्यात घ्या.

पायउतार होताना अपुऱ्या कामांची यादी, सुरू असलेल्या कोर्टकेसेसची यादी, कलम १२७ च्या नोटिसांचा तक्ता आणि मंत्रालयात प्रलंबित असलेल्या प्रस्तावांच्या प्रती नव्या नगराध्यक्षांच्या हातात स्वतः द्या, ते तुमचे विरोधक असले तरी. लेखापरीक्षणाचे आक्षेप तुम्ही पायउतार झाल्यावरही पाठ सोडत नाहीत. त्यासाठी तुमच्या सहीच्या प्रत्येक ठरावाची प्रत घरी फाईल करून ठेवा.